पलटण बदलली तर फितींचं काय होतं, आणि नंबराचं काय

पारोळा तालुक्यातल्या एका जवानाने मला विचारलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "साहेब, मी इन्फंट्रीत नाईक आहे. सर्व्हिस सात वर्षं, वय सव्वीस, बारावी सायन्स. मला एअर फोर्समध्ये जायचंय. आपला नाईक म्हणजे त्यांचा कॉर्पोरल, असं तक्त्यात आहे. मग मला थेट कॉर्पोरल करतील का? ते नाही जमलं तर ईएमईत (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये) बदली मागू, की सीआरपीएफमध्ये जाऊ? मन्ही सात वरीसनी सिनिऑरिटी जाई का?"

भाऊ, तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. रँक ही एक आणि सिनिऑरिटी ही दुसरी. रँक तुझ्या बाहीवर असते. सिनिऑरिटी कुठल्यातरी ऑफिसातल्या यादीत असते. तू त्या यादीतून बाहेर पडलास की तुझी जागा मागच्या माणसाला मिळते आणि नव्या यादीत तू शेवटी लागतोस. मी तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बावीस क्लार्क म्हणून आणि शेवटची काही नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसात. तुझ्यासारखे अर्ज शेकड्यांनी हातून गेले. बहुतेकांची गफलत इथेच झालेली असायची.

आपल्याकडच्या कापसावरून बघ. दिवाळीनंतर सीसीआयच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरची रांग लागते. तुझा नंबर चाळिसावा आहे. कंटाळून तू ट्रॅक्टर काढलास आणि दुसऱ्या जिनिंगवर नेलास, तर कापूस तेवढाच भरेल, ग्रेडही तीच लागेल, पण तिथे तुझा नंबर शेवटचा. मात्र आवार भरलंय म्हणून केंद्रवाल्यानेच तुला चिठ्ठी देऊन तिकडे पाठवलं, तर ती चिठ्ठी दाखवून तू आपला नंबर मागू शकतोस. सैन्यातल्या बदलीत अख्खा प्रश्न या चिठ्ठीचा असतो. तू गेलास, की तुला पाठवलं?

आता तुझा तक्ता. तो खरा आहे. नाईक, नेव्हीचा लीडिंग सीमन आणि एअर फोर्सचा कॉर्पोरल बरोबरीचे. हवालदार, पेटी ऑफिसर आणि सार्जंट बरोबरीचे. नायब सुभेदाराला तिकडे चीफ पेटी ऑफिसर आणि ज्युनियर वॉरंट ऑफिसर. अधिकाऱ्यांत सगळ्यात जास्त घोटाळा 'कॅप्टन' या शब्दाचा होतो. नेव्हीचा कॅप्टन हा लष्कराच्या कर्नलच्या बरोबरीचा आणि लष्कराचा कॅप्टन हा नेव्हीच्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. लग्नपत्रिकेत दोघांच्या नावापुढे 'कॅप्टन' एकसारखंच छापतात, पण मध्ये तीन पायऱ्यांचं अंतर असतं. हा तक्ता पगाराची पातळी, मानपान, मेसमधली जागा आणि तिन्ही दलांची माणसं एका ठिकाणी काम करत असताना कोण कोणाला सॅल्यूट करणार, हे ठरवण्यासाठी आहे. नाईक असो की कॉर्पोरल, सातव्या वेतन आयोगात दोघेही लेव्हल ४ मध्ये, सुरुवात २५,५०० पासून. पण एका दलातून दुसऱ्या दलात जायचा तो पास नाही.

एअर फोर्सचं स्पष्ट सांगतो, कारण तुझी वर्षं मोलाची आहेत. जवानाच्या पातळीवर एका सेनादलातून दुसऱ्यात बदलीने जायची वाट नाही. तिकडे नव्याने भरती व्हावं लागतं, आणि २०२२ पासून ती भरती जवळपास सगळी अग्निवीर म्हणून होते. वयाची अट साडेसतरा ते एकवीस. तू सव्वीसचा आहेस, म्हणजे दार बंद आहे. वय बसलं असतं तरी तू कॉर्पोरल झाला नसतास. चार वर्षांचा करार, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम, आणि कायम झालेल्यांना पुढे किमान पंधरा वर्षं. सात वर्षांचा नाईक त्या रांगेत कुठे उभा राहणार?

काही मुलं दुसरीकडच्या परीक्षा गुपचूप देतात आणि निवड झाली की कागद घेऊन सीओ साहेबांसमोर, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, उभी राहतात. असं करू नकोस. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात एका एअरमनचा खटला आला होता. बँकेत ऑफिसर म्हणून त्याची निवड झाली होती, पण अर्ज करताना परवानगी घेतलेली नव्हती. नोकरी निवडण्याचा मूलभूत हक्क आहे म्हणून सेनादल वाटेल तेव्हा सोडता येतं, हे म्हणणं कोर्टाने मानलं नाही. आधी एनओसी, मग अर्ज. आणि आधीची सर्व्हिस लपवून दुसरीकडे नाव नोंदवणं तर सरळ गुन्हा आहे. भरतीच्या फॉर्मवर खोटं उत्तर दिलं तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ४४ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिन्ही दलांत राहिलेला माणूस झालाच नाही का? झाला. कर्नल पृथीपालसिंग गिल. सुरुवात एअर फोर्सच्या पायलट ट्रेनिंगपासून, मग वडिलांना विमानाची धास्ती म्हणून नेव्हीत, आणि तिथून आपल्या देवळालीच्या तोफखाना शाळेत गनरीचा कोर्स करून लष्कराच्या तोफखान्यात. १९६५ च्या लढाईतही ते होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी वयाची शंभरी गाठली, तेव्हा देशभरच्या पेपरांत फोटो आले होते. आम्हा गनर लोकांना त्यांचा फार अभिमान. पण ती पहिली दोन पावलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, जेव्हा तिन्ही दलांना अधिकारी कमी पडत होते. त्या वाटेवर आज तुला जाता येणार नाही.

आता लष्कराच्या आतली बदली, म्हणजे तुझा ईएमईचा विचार. इथे मी जरा थांबतो, कारण हे माझ्या अंगावरून गेलेलं आहे.

१९८६ ला मी गनर म्हणून भरती झालो. सहाव्या वर्षी लान्स नाईक होतो. युनिटमध्ये क्लार्क कमी पडत होते आणि मी बीकॉम होतो, अमळनेरला कॉलेज करतानाच टायपिंगची परीक्षाही दिलेली. ऑफिसात बोलावून मला सांगितलं की तू क्लार्कमध्ये ये, युनिटला गरज आहे. मला आनंद झाला. हेड क्लार्कने अर्ज टाइप करून समोर ठेवला. त्यात एक वाक्य होतं, की माझा ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, माझ्या स्वतःच्या विनंतीवरून बदलावा आणि नव्या ट्रेडमध्ये सिनिऑरिटीचा दावा मी करणार नाही. मी ते वाचलं आणि सही केली. वाटलं, फॉर्मचा मसुदा असाच असतो.

चार वर्षांनी प्रमोशन कॅडरची, म्हणजे बढतीच्या कोर्सची, यादी लागली. माझ्या बॅचचे, आधीपासून क्लार्क असलेले हवालदार झाले होते. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली मुलंही माझ्या वर होती. मी धावत जाऊन विचारलं, तेव्हा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सर्व्हिसमधल्या बदलांची नोंद करणारा आदेश, काढून दाखवली गेली. 'ओन रिक्वेस्ट'. गरज युनिटची होती, बोलावणं युनिटचं होतं, पण कागदावर विनंती माझी होती. क्लार्कच्या यादीत माझी तारीख ट्रेड बदलल्याच्या दिवसापासून धरलेली, आधीची सहा वर्षं त्या यादीपुरती नव्हतीच. पगार कमी झाला नाही, लान्स नाईकची फीत गेली नाही, पेन्शनसाठीची वर्षंही शाबूत राहिली. गेला तो फक्त नंबर. पण त्या नंबरामुळे मी सुभेदार झालो तोवर सुभेदार मेजरच्या यादीपर्यंत पोहोचायला वर्षं उरली नाहीत. तीस वर्षं झाली, अजून त्या सहीचा दिवस आठवतो.

म्हणून सांगतो. लष्कराच्या एका आर्ममधून दुसऱ्यात, एका ट्रेडमधून दुसऱ्यात जाताना कागदावर कारण काय लिहिलंय, यावर पुढचं सगळं ठरतं. सेवेच्या गरजेपोटी पाठवलं तर सिनिऑरिटी सांभाळली जाते. स्वतःच्या विनंतीवर गेलास तर त्या रँकच्या यादीत तळाशी, आणि कधी कधी फितीही उतरवून जावं लागतं. तुझ्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इन्फंट्रीत हवालदारकीपर्यंतची बढती मुख्यतः आपल्या पलटणीच्या आतच होते, त्यामुळे तुझी स्पर्धा पलटणीतल्या ओळखीच्या माणसांशी आहे. ईएमईसारख्या कोअरमध्ये देशभरची एक यादी, ती ट्रेडप्रमाणे, आणि ती सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसात. तिथे नाईक व्हायला त्या ट्रेडची टेस्ट पास असावी लागते. तुझ्याकडे रायफलमॅनचा अनुभव आहे, व्हेइकल मेकॅनिकचा नाही. सात वर्षांनी पुन्हा शिकाऊ व्हायचं असेल तरच तिकडे बघ.

याच्या उलट, अख्खी पलटण किंवा अख्खी शाखा हलली की कोणाचं काही जात नाही, कारण यादीच उचलून नेली जाते. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. तीच पुढे ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलला पॅराशूटने उतरली. माझ्या डोळ्यांदेखतचं उदाहरण एअर डिफेन्सचं. १० जानेवारी १९९४ ला ती शाखा तोफखान्यापासून वेगळी झाली. कालपर्यंत आमच्याच टोपीचा बॅज लावणारे मित्र दुसऱ्या कोअरचे झाले. रेजिमेंटच्या रेजिमेंट गेल्या, हवालदार हवालदारच राहिला आणि त्याच्या मागचा नाईक मागेच राहिला. आर्मी एव्हिएशनचंही तसंच. १ नोव्हेंबर १९८६ ला ती कोअर झाली, त्याआधी ते पायलट तोफखान्याच्या एअर ओपी (वरून तोफांचा मारा बघणाऱ्या) फ्लाइटमधले. ते विमान उडवायचे म्हणून कोणी त्यांना फ्लाइट लेफ्टनंट म्हटलं नाही. कॅप्टन होते, कॅप्टनच राहिले.

आपल्या भागात याचं ताजं उदाहरण आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले. वरणगावची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियात गेली, भुसावळची यंत्र इंडियात. तेव्हा माझे व्याही फार घाबरले होते, की आता कंपनीचे झालो, सर्व्हिस बुडाली. मी त्यांना आदेश वाचून दाखवला. कामगारांना डीम्ड डेप्युटेशनवर पाठवलं होतं, म्हणजे ते सरकारचेच कर्मचारी राहिले. त्यांनी कुठे अर्ज केला नव्हता, राजीनामा दिला नव्हता.

आता सीआरपीएफ. इथे तुला सिनिऑरिटीपेक्षा मोठी गोष्ट गमवावी लागेल, म्हणून लक्ष देऊन वाच. तू आज लष्कर सोडलंस तर सात वर्षांवर पेन्शन नाही, त्याला पंधरा वर्षं लागतात. स्वतःहून पेन्शनआधी बाहेर पडलेला माणूस नियमात माजी सैनिकही धरला जात नाही. म्हणजे केंद्राच्या गट क मधलं १० टक्के आणि महाराष्ट्रातलं १५ टक्के आरक्षण, दोन्ही हातचं गेलं. दर महिन्याचा ५,२०० रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे गेला. लष्कराला जुनी पेन्शन आहे. केंद्राच्या बाकी नोकऱ्यांत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना एनपीएस (पगारातून कापून गुंतवलेल्या पैशांची पेन्शन) लागू झाली, आणि सीआरपीएफ त्यातच धरली आहे. राज्य पोलिसांत ही तारीख १ नोव्हेंबर २००५. आणि एवढं करून तिथे तू नवा कॉन्स्टेबल. तुझी सिनिऑरिटी त्या भरतीच्या गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावरून ठरेल, शेजारी उभा असलेला एकोणीस वर्षांचा पोरगा तुझ्या वर असू शकेल.

पंधरा वर्षं पूर्ण करून गेलास तर चित्र बदलतं. पेन्शन चालू राहते आणि जवान किंवा जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) म्हणून पंचावन्नच्या आत निवृत्त झालेल्याची पूर्ण पेन्शन नव्या पगारातून न वगळता पगार मिळतो. सिनिऑरिटी मात्र तिथेही शून्यापासून. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस तलाठी ऑफिसात शिपाई म्हणून लागला तर तो तिथे हवालदार नसतो. आपल्या गावांत याचं फार मनाला लावून घेतात, घरातले लोकही. पण पेन्शन आणि पगार दोन्ही घरात येतात, हे त्यांना नीट समजावून सांगावं.

एका दलातून दुसऱ्यात जाताना सिनिऑरिटी सोबत नेता येते, असा एक रस्ता आहे. तो डेप्युटेशनचा. बीएसएफमधून दिल्ली पोलिसांत डेप्युटेशनवर गेलेल्या आणि तिथेच सामावून घेतलेल्या सब-इन्स्पेक्टरांचा खटला होता. सामावून घेतल्याच्या तारखेपासूनच सिनिऑरिटी धरणार, असं खात्याचं म्हणणं. डिसेंबर १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की आधीचं पद बरोबरीचं होतं, तर तिथली वर्षं मोजलीच पाहिजेत. मग २००१ मध्ये केंद्राने आपला नियम बदलला. सामावून घेतल्याची तारीख आणि मूळ खात्यात त्याच दर्जाच्या पदावर नियमित झाल्याची तारीख, यांतली जी आधीची ती धरायची. आधी 'नंतरची' असं लिहिलेलं होतं. एका शब्दाने कितीतरी लोकांची कितीतरी वर्षं परत आली. हा नियम मुलकी आणि पोलीस सेवांसाठी आहे, तुला आज लागू नाही, पण पुढेमागे कोणी तुला डेप्युटेशन देऊ केलं तर डायरेक्ट भरतीपेक्षा ते का चांगलं, हे यावरून कळेल.

थिएटर कमांड, म्हणजे तिन्ही दलांच्या संयुक्त कमांड, आल्या की तिन्ही दलांची एकच यादी होईल, असंही तू ऐकलं असशील. तसं काही झालेलं नाही. संयुक्त संस्थांच्या शिस्तीचा कायदा २०२३ ला झाला आणि १० मे २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे संयुक्त मुख्यालयाचा कमांडर, तो नेव्हीचा असला तरी, हाताखालच्या लष्करी जवानावर शिस्तीची कारवाई करू शकतो. पण जवान आपल्याच दलाच्या कायद्याखाली राहतो, त्याची बढती आणि यादी आपल्याच रेकॉर्ड ऑफिसात. अंदमान-निकोबार कमांडमध्ये २००१ पासून तिन्ही दलांची माणसं एकत्र आहेत, कोणाची रँक कोणात मिसळली नाही.

मग तू काय करावंस? माझं मत विचारशील तर एसीसी. आर्मी कॅडेट कॉलेज, जवानातून अधिकारी व्हायची वाट. दोन वर्षं सर्व्हिस, बारावी पास आणि वय वीस ते सत्तावीस. तू सव्वीसचा, म्हणजे संधी एखादीच उरली आहे आणि ती सोडू नकोस. लेखी परीक्षा, मग एसएसबी (अधिकारी निवडायची चाचणी), डेहराडूनला तीन वर्षं आणि आयएमएत, म्हणजे तिथल्याच मिलिटरी अकॅडमीत, एक. लेफ्टनंट झालास की पगाराची सुरुवात ५६,१०० पासून. इथेही तुझी नाईकची वर्षं अधिकाऱ्यांच्या यादीत धरली जाणार नाहीत. कॅप्टन दोन वर्षांनी, मेजर सहा, लेफ्टनंट कर्नल तेरा, आणि ही वर्षं कमिशनच्या तारखेपासून मोजतात. तुझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान एनडीएचा मुलगा एक दिवस आधी कमिशन झाला असेल तर तो तुझा सीनियर. पण जवान म्हणून काढलेली वर्षं पेन्शनच्या हिशोबात राहतात, आणि पलटणीत तुझ्या शब्दाला जे वजन येतं ते कुठल्या यादीत लिहिलेलं नसलं तरी जवान लगेच ओळखतात. एसीसी हुकलीच, तर अठ्ठावीस ते पस्तीसच्या वयात एससीओची (जवानातून अधिकारी व्हायची दुसरी) एंट्री आहे, तिला पाच वर्षं सर्व्हिस लागते.

पलटणीतच राहून हवालदारकीची वाट बघायची असेल तर त्यातही कमीपणा नाही. आठ वर्षं झाल्यावर एमएसीपीचा, म्हणजे बढती न मिळताही ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या पगारवाढीचा, हिशोब बघ. तुला एक बढती आधीच मिळालेली आहे, त्यामुळे पहिला टप्पा त्यातच धरला जाईल. आणि लक्षात ठेव, एमएसीपीने पगार वाढतो, यादीतला नंबर वाढत नाही. मुलं पगाराची स्लिप बघून आपण हवालदार झालो समजतात.

कोणताही अर्ज असो, सही करण्याआधी त्यातलं कारणाचं वाक्य तीनदा वाच. 'ओन रिक्वेस्ट' असेल आणि विनंती खरोखर तुझी नसेल, तर बदलून माग. सीओ साहेबांनी तोंडी जे सांगितलं असेल ते आदेशात आणायला सांग. पार्ट टू ऑर्डर निघाली की तिची प्रत जवळ ठेव आणि त्यातली सिनिऑरिटीची तारीख त्याच आठवड्यात तपास. चुकली असेल तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली तक्रार करायचा तुझा हक्क आहे. तिथे न्याय नाही मिळाला तर शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. माझ्या वेळी हे ट्रिब्युनल नव्हतं, कलम २६ होतं. पण मी चार वर्षं आदेश बघितलाच नाही, आणि नंतर माझ्याच सहीचा कागद माझ्यासमोर ठेवला गेला.

कानबाईच्या सणाला सुट्टीवर येणार आहेस ना? येताना एसीसीच्या अर्जाची कोरी प्रत, डिस्चार्ज बुक नसलं तरी शेवटच्या दोन पार्ट टू ऑर्डरच्या झेरॉक्स, आणि बारावीचं मार्कशीट घेऊन ये. अमळनेरला उतरलास की आधी माझ्याकडे, मग घरी. अर्ज टाइप व्हायच्या आधी मला बघायचा आहे.